पूर ओसरतो, ओल राहते : काशीतील घरे, बुरशी आणि विम्याचा दावा

वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर इतकी निश्चित करण्यात आली आहे. इशाऱ्याची पातळी त्याहून बरोबर एक मीटरने कमी, म्हणजे ७०.२६२ मीटर. ९ सप्टेंबर १९७८ रोजी नदीने ७३.९०१ मीटर इतकी उंची गाठली होती आणि तो येथील उच्चांक आहे. त्यानंतरही २०१३, २०१६, २०२१, २०२२ आणि २०२५ या वर्षांच्या पावसाळ्यात गंगेने धोक्याची रेषा ओलांडली. अशा दिवसांत काशीच्या बातम्या देशभर पोहोचतात. घाटांच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, दशाश्वमेधावरील आरती गच्चीवर होते, मणिकर्णिकेवरील अंत्यसंस्कार वरच्या सज्जांवर किंवा गल्लीत करावे लागतात. पाणी उतरू लागले की बातमी संपते.

ज्यांच्या घरात पाणी शिरले होते त्यांच्यासाठी मात्र खरी कटकट तेव्हाच सुरू होते. गाळ उपसला जातो, फरशी धुतली जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीच्या तळाशी, फडताळाच्या मागे, गादीच्या शिवणीत काळपट हिरवे ठिपके दिसू लागतात. आठवडाभरात ठिपक्यांचे डाग होतात आणि घरभर कुबट वास पसरतो. या नुकसानीचे पैसे विमा कंपनीकडून मिळतात काय, असा प्रश्न मग उपस्थित होतो. त्याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे देता येईल, की भारतातील घरविमा बुरशीचा नसतो, तो घटनेचा असतो. पूर ही घटना आहे. बुरशी हा तिचा परिणाम आहे. परिणामाचा संबंध घटनेशी जोडून दाखवता आला तर दावा उभा राहतो. न जोडता आल्यास तीच बुरशी 'जुनी ओल' ठरते आणि दावा कोसळतो.

जुनी ओल आणि नवी ओल

हा भेद काशीत विशेष महत्त्वाचा आहे, कारण या शहराला दोन्ही प्रकारची ओल परिचित आहे. गंगेचा पश्चिम काठ उंच आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात, जेथे महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, तेथील अनेक घरे नदीपासून बरीच वर आहेत. पुराचे पाणी प्रथम शिरते ते नगवा, सामने घाट अशा दक्षिणेकडील सखल वस्त्यांत आणि त्याहून अधिक वरुणेच्या काठाने. गंगा फुगली की वरुणेचे पाणी पुढे जाऊ शकत नाही. ते उलटे फिरते आणि कोनिया, सरैया, हुकुलगंज या भागांतील घरांत येते. नाले आणि गटारे यांतूनही तेच पाणी मागे सरकते. त्यामुळे नदीपासून दूर असलेल्या गल्लीतही मोरीतून पाणी वर आल्याचे पाहावयास मिळते.

पक्क्या महालातील जुन्या घरांची गोष्ट वेगळी. लाखोरी विटा, चुना आणि सुरखी यांनी बांधलेल्या हातभर जाडीच्या भिंती, अरुंद गल्ल्यांमुळे तळमजल्यावर न पोहोचणारे ऊन आणि जमिनीतून वर्षानुवर्षे चढणारा ओलावा. अशा भिंतींवर पांढरी बुरबुर दिसते. पुष्कळांना ती बुरशी वाटते, पण ते क्षार असतात. भिंतीतील पाणी बाहेर येऊन सुकले की त्यातील मीठ पृष्ठभागावर राहते. ओळखण्याची रीत सोपी आहे. चिमूटभर पांढरा थर पाण्यात टाकावा. विरघळला तर क्षार, न विरघळता तरंगला किंवा चिकट झाला तर बुरशी. विमा कंपनीने पाठविलेला सर्वेक्षक नेमके हेच पाहतो. क्षारांचा जाड थर, एकावर एक चढलेले रंगाचे पोपडे आणि आतून भुसभुशीत झालेला गिलावा ही वर्षानुवर्षांच्या ओलीची खूण मानली जाते. उलट, भिंतीवर एकाच उंचीवर आडवी गेलेली गाळाची रेषा आणि तिच्याखालील ताजी बुरशी ही पुराची खूण होय.

म्हणूनच ती गाळाची रेषा हा घरमालकाच्या हातातील सर्वांत मोलाचा पुरावा आहे आणि दुर्दैवाने घरातील मंडळी सर्वांत आधी तीच पुसून टाकतात.

बुरशीचे वेळापत्रक

बुरशीची बीजे हवेत सदैव असतात. त्यांना लागतो फक्त ओलावा आणि खाण्याजोगा पदार्थ. लाकूड, कागद, कापूस, सुती कापड, खळ, प्लायवूड हे सारे त्यांचे खाद्य. ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी रुजण्यास प्रारंभ होऊ शकतो. घरातील हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर तिची वाढ मंदावते. परंतु भाद्रपदातील वाराणसीत, भोवती पाणी साचलेले असताना, हे साधणे कठीण असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वसनाचे विकार आणि दमा यांचा त्रास अधिक होतो, असे त्यांत नमूद आहे. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोहोचला आणि भिंतीवरील प्रत्येक काळ्या डागाची धास्ती घेतली जाऊ लागली. तो आजार वेगळा, भिंतीवरील नेहमीची बुरशी वेगळी. तथापि दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली व्यक्ती घरात असल्यास तिला साफसफाईच्या वेळी त्या खोलीत थांबू देऊ नये.

साफसफाईविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. ब्लीचिंग पावडर फासली की बुरशी गेली, असे समजले जाते. फरशी, काच, धातू अशा गुळगुळीत पृष्ठभागांवर तिचा उपयोग होतो. गिलावा आणि लाकूड यांत मात्र बुरशीचे तंतू आत गेलेले असतात. वरचा रंग उडतो, मूळ राहते. ब्लीचिंगमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल मिसळणे तर जिवावर बेतू शकते, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. साबण आणि पाणी, ताठ ब्रश, नाकातोंडावर मुखपट्टी, हातमोजे आणि त्यानंतर वारा व ऊन, एवढेच खरे औषध. भिजलेला कापूस वाचत नाही. पुराच्या पाण्यात मैला मिसळलेला असल्याने गाद्या, उशा आणि रजया टाकून देणेच हिताचे.

पॉलिसीत काय असते

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. तत्पूर्वी घरांना आगीची जी जुनी प्रमाणित पॉलिसी दिली जात असे, तिच्यातून वादळ आणि पूर यांचे संरक्षण वगळून हप्ता कमी करून घेता येत असे. पुष्कळांनी तसे केले होते आणि पाणी घरात आल्यावरच त्यांना ते समजले. नव्या पॉलिसीत पूर, जलमयता, वादळ, भूकंप, आग, वीज, भूस्खलन यांबरोबरच पाण्याच्या टाक्या आणि नळ फुटून किंवा भरून वाहून झालेले नुकसानही मूळ संरक्षणातच आहे.

संथपणे झिरपणारी ओल या यादीत नाही. शेजारच्या न्हाणीघरातून वर्षभर पाझरणारे पाणी, गच्चीची भेग किंवा जमिनीतून चढणारा ओलावा ही अनपेक्षित घटना मानली जात नाही. ती देखभालीतील उणीव ठरते. ब्रह्माघाटावरील एखाद्या जुन्या वाड्याला दर पावसाळ्यात बुरशी येत असेल आणि पाणी उंबऱ्यापर्यंत कधी आलेच नसेल, तर त्या बुरशीसाठी दावा करण्यात अर्थ नाही. मात्र त्याच वाड्यातील नळ एका रात्री फुटला आणि खोलीभर पाणी झाले, तर तो दावा होऊ शकतो. मूळ कारण कोणते हाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

पॉलिसीतील काही तरतुदी ग्राहकाच्या बाजूच्या आहेत आणि त्या फारशा कोणी वाचत नाही. इमारतीचा विमा घेतला असल्यास घरातील सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण वस्तूंची यादी न देताही मिळते. विम्याची रक्कम प्रत्यक्ष मूल्यापेक्षा कमी होती, असे कारण सांगून भरपाई त्या प्रमाणात कापता येत नाही. मलबा हटविण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता यांचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत दिले जाते. पुरात घर सोडून छावणीत गेलेल्यांना सामान चोरीला जाण्याचे भय असते. त्या भयापोटीच अनेक कुटुंबांतील एखादा माणूस गच्चीवर बसून राहतो. घटनेनंतर सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे झालेली चोरी पॉलिसीत समाविष्ट आहे, हे त्याला ठाऊक असते तर बरे झाले असते.

भाडेकरूला इमारतीचा नव्हे, पण स्वतःच्या सामानाचा विमा घेता येतो. ज्यांनी गृहकर्ज घेतले आहे त्यांनी कर्जाची कागदपत्रे पुन्हा चाळावीत. बँकेने घराचा विमा उतरविलेला असतो, हप्ता खात्यातून वळता होत असतो आणि घरमालकाला त्याचा पत्ताच नसतो, असे घडते. अशा वेळी भरपाईवर पहिला हक्क सामान्यतः बँकेचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

पोथ्या आणि माग

काशीच्या दोन गोष्टी या पॉलिसीच्या चौकटीत बसत नाहीत. पहिली हस्तलिखितांची. संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवनात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, परंतु वैदिक आणि शास्त्री घराण्यांतील कितीतरी पोथ्या आजही लाल रुमालात बांधून घरच्या फडताळात आहेत. हस्तलिखिते, आराखडे, कोणत्याही प्रकारची कागदपत्रे, नाणी आणि रोख रक्कम पॉलिसीत स्पष्टपणे नोंदविलेली नसल्यास वगळलेली असतात. म्हणजे पोथी ज्या कपाटात होती त्या कपाटाचे पैसे मिळतील, पोथीचे नाहीत. तिचा विमा हवा असेल तर तिची वेगळी नोंद आणि मूल्य आधीच ठरवून घ्यावे लागते. भिजलेली पोथी उन्हात वाळत घालू नये. पाने आक्रसतात आणि शाई तडकते. सावलीत, वाऱ्यावर, पानांमध्ये टीपकागद घालून आणि तो वरचेवर बदलून ती सुकवावी. लगेच सुकविणे शक्य नसल्यास स्वच्छ पिशवीत घालून शीतपेटीत गोठवून ठेवता येते. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि जाणकाराकडे नेण्यास सवड मिळते. पाने एकमेकांना चिकटली असतील तर ती सोडविण्याचा प्रयत्न घरी करू नये.

दुसरी गोष्ट हातमागाची. बनारसी विणकरांचे अनेक माग जमिनीतील खड्ड्यात बसविलेले असतात. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. वरुणेचे पाणी वस्तीत आले की सर्वप्रथम तो खड्डा भरतो. माग फुगतो, ताण्यावरील रेशमावर डाग पडतात आणि अर्धी विणलेली साडी निकामी होते. घर आणि कारखाना एकाच छपराखाली असल्याने विणकराला वाटते की घराचा विमा म्हणजे सगळ्याचा विमा. तसे नाही. माग, सूत, रेशीम आणि तयार माल ही व्यवसायाची मालमत्ता होय. तिच्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही स्वतंत्र पॉलिसी त्याच १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे आणि ती पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे. माल व्यापाऱ्याचा आणि माग विणकराचा असेल, तर कोणाचे किती हे कागदावर असणे आवश्यक ठरते. वाराणसीच्या विणकामात बराचसा व्यवहार तोंडी चालतो आणि अडचण तेथेच येते.

साफ करावे की थांबावे

पूर ओसरल्यावर घरमालक एका पेचात सापडतो. सर्वेक्षक येईपर्यंत काही हलवू नये, असे शेजारीपाजारी सांगतात. दुसरीकडे दोन दिवस थांबले तर बुरशी घर खाते. पॉलिसीच्या अटी या बाबतीत नि:संदिग्ध आहेत. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी ती सर्व काळजी घेणे हे विमाधारकाचे कर्तव्य आहे. ओले सामान तसेच ठेवून बुरशी वाढू दिली, तर वाढीव नुकसानीस तोच जबाबदार, असे कंपनी म्हणू शकते. तेव्हा थांबू नये. मात्र आधी नोंद करावी.

नोंद म्हणजे मोबाइलवर काढलेली दोन छायाचित्रे नव्हेत. पाणी घरात असतानाचे, उतरल्यावरचे आणि बुरशी दिसू लागल्यावरचे, असे तिन्ही टप्प्यांचे चित्रण हवे. गाळाच्या रेषेजवळ मोजपट्टी धरावी. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, तसेच यंत्रांवरील क्रमांक स्पष्ट दिसावेत. गादी टाकून द्यावीच लागते, पण टाकण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे आणि कापडाचा एक तुकडा जपून ठेवावा. पंप, पंखे, मजुरी, औषध-फवारणी यांच्या पावत्या राखाव्यात. त्या दिवसांतील नदीची पातळी केंद्रीय जल आयोगाच्या नोंदीत असते. वृत्तपत्रातील कात्रणे आणि प्रशासनाच्या पूरग्रस्त वस्त्यांच्या याद्या जोडता येतात. घटनेचा पुरावा घराबाहेरही असतो, हे पुष्कळदा विसरले जाते.

कंपनीला सूचना त्याच दिवशी द्यावी. दूरध्वनीवर दिली तरी तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि पाठोपाठ ई-मेल करावा. दावा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत भरावा. पूरस्थितीत वीज आणि संपर्क दोन्ही खंडित असतात, त्यामुळे विलंब होऊ शकतो. केवळ विलंबाच्या तांत्रिक कारणावरून खरे दावे फेटाळू नयेत, असे नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. जून २०२४ मधील परिपत्रकानुसार सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमणे, १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळविणे आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. शहर बुडालेले असताना हे वेळापत्रक कितपत पाळले जाईल ही शंका रास्त आहे. तरीही तारखा लिहून ठेवलेल्या असल्या तर पुढे त्यांचा उपयोग होतो.

सर्वेक्षक आला की त्याच्याबरोबर प्रत्येक खोलीत जावे. त्याने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे त्याच दिवशी लिहून कंपनीला पाठवावे. त्याच्या अहवालाची प्रत मागण्याचा हक्क विमाधारकाला आहे. अहवालात 'जुनी ओल' असा शेरा असेल तर त्याला उत्तर देता येते. पुरापूर्वीचे घराचे एखादे छायाचित्र, मुंजीचे, वाढदिवसाचे, गणपतीचे, ज्यात मागची भिंत कोरडी दिसते, ते येथे कामास येते. सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीपकुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दावा नाकारल्यास

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तेथे चालतात. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वाराणसी जिल्हा लखनौच्या कार्यालयाकडे आहे. महाराष्ट्रातील वाचकांसाठी मुंबई आणि पुणे येथे अशी कार्यालये आहेत. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो आणि त्याची मुदत दोन वर्षांची आहे.

ज्यांचा विमाच नाही त्यांच्यासाठी शासकीय मदत उरते, आणि ती तुटपुंजी असते. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये, तर किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये ठरविण्यात आले होते. नुसत्या बुरशीने घराचे १५ टक्के नुकसान झाले, हे तलाठ्याला, म्हणजे उत्तर प्रदेशातील लेखपालाला, पटवून देणे जवळजवळ अशक्य असते.

दाव्याचा शेवटचा टप्पा बहुधा दिवाळीच्या सुमारास येतो. सणापूर्वी घर रंगवून घ्यावे असे प्रत्येकाला वाटते आणि कंपनीकडून पूर्ण व अंतिम भरपाई मिळाल्याची पावती सहीसाठी आलेली असते. पण जाड भिंत आतून सुकण्यास कित्येक महिने लागतात. ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि तेलरंग चढविला तर ओलावा आत कोंडतो आणि संक्रांतीपर्यंत डाग परत येतात. त्यापेक्षा त्या वर्षी साधी चुन्याची सफेदी करावी. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो आणि बुरशीलाही तो मानवत नाही. पावतीवर सही करावी लागलीच, तर उरलेल्या कामाचा लेखी उल्लेख करून, हरकत नोंदवून ती करावी. अशी पावती दिली म्हणून विमाधारकाचा दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही, असे प्राधिकरणाने २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना कळविले आहे.